दुसरी घागर

बुऱ्हानपूरच्या इतवाऱ्यातल्या कुंभाराकडून मालूबाईला एकच घागर आणायची होती. तिने दोन आणल्या.

जसोंडीत रिक्षातून उतरताना एक तिने कडेवर घेतली आणि दुसरी पदराखाली, जणू काही पदराखाली घागर मावते. त्या गल्लीत हातातली मिरचीची पुडीसुद्धा कधी लपली नाही. समोरच्या ओट्यावर कुरडया वाळत घालणारी सरुबाई "आखाजीची तयारी का व मालू?" म्हणाली, आणि तेवढ्या वेळात तिने दोन्ही घागरी पाहून घेतल्या. मालूची सासू भागीरथीबाई थंडीत गेल्या, त्यांची एक. दुसरी कोणाची, हे तिने तोंडाने विचारलं नाही. पण संध्याकाळपर्यंत तो प्रश्न गल्लीभर फिरला असणार.

स्वयंपाकघरात मालूबाईची थोरली जाऊ प्रतिभा सांजोऱ्या तळत होती. तिने झारा तसाच हवेत धरला.

"दोन?"

"हो."

"कुंभारानं एकावर एक फुकट देली का?"

"ताई, मी सांगून आणल्या दोन."

प्रतिभाने झारा कढईच्या काठावर ठेवला. एरवी ती गप्प बसणाऱ्यातली बाई नव्हे. गावातल्या लग्नात पंगत उशिरा बसली तर नवरदेवाच्या बापाला सुनावून येणारी. पण काही गोष्टी या घरात कधी बोलल्याच गेल्या नव्हत्या, आणि सासू जाऊन चार महिने होत नाहीत तोच त्या बोलायची सवय कुठून येणार? तिने गॅस बारीक केला आणि नवऱ्याला सांगायला मागच्या दारी गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, या भागात प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसांना पाणी पाजतं. कोरी घागर भरून मांडायची, तिच्यावर खरबूज, आंबा आणि सांजोरी ठेवायची, आणि एकेकाचं नाव घेत उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं. मग पितर जेवायला येतो. म्हणजे ओळखीतला कोणी माणूस पाटावर बसतो आणि गेलेल्याच्या वतीने पोटभर जेवून जातो. भागीरथीबाईंच्या उंबऱ्यावर त्यांच्या नवऱ्याचं, उखर्डूबाबांचं बोट दरवर्षी ओढलं जायचं. सासूसासऱ्यांचं, पाळण्यात गेलेल्या लेकरांचं ओढलं जायचं. दगाचं मात्र नाही.

दगा त्यांचा धाकटा मुलगा, मालूबाईचा नवरा. वर, बर्फाच्या डोंगरात, पहाऱ्यावर असताना कडा कोसळला आणि दगा त्याच्याखाली गेला. देह मिळाला नाही. तेव्हा पाळण्यात असलेला त्याचा मुलगा रितेश आता स्वतः फौजेत नायक होता, इतकी वर्षं झाली. पण भागीरथीबाईंनी लेकाचं बोट ओढू दिलं नाही. सरकारने कागदावर काय लिहायचं ते लिहावं. दगा शेवटच्या सुट्टीवर आला तेव्हा आखाजी होती आणि मालू माहेरी गेली होती. तार आली, त्याला घाईने परत निघावं लागलं, नवराबायकोची भेटच झाली नाही. आईला तो म्हणाला होता, "मालूले सांगजो, येतो म्हणून." भागीरथीबाईंनी तेवढं वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. "गेला नाही तो. येतो म्हणून सांगून गेला," असं त्या मरेपर्यंत म्हणत राहिल्या.

आणि म्हणून मालूबाईला रडता आलं नाही. बातमी आली त्या वर्षी एकदा कांदा चिरता चिरता तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती कांद्याची नव्हे हे सासूने ओळखलं. भागीरथीबाईंनी तिच्या पुढ्यातली विळी काढून घेतली. "जित्या माणसासाठी रडतात का?" एवढंच बोलल्या, पण त्या दिवसापासून या घरातला कांदा प्रतिभा चिरते. मालूबाईच्या कपाळावर कुंकू राहिलं, हातात बांगड्या राहिल्या. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या आणि कुंकू लावताना नजर दुसरीकडे वळवायच्या. हे सगळं तिने सोसलं, कारण सासू प्रेमाने वागवत होती. छळलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

हे असंच चाललंही असतं. पण आदल्या रात्री जेवताना रितेश म्हणाला, "मम्मी, पोस्टिंग आली. वर. पप्पांच्याच साइडला."

मालूबाईच्या हातातली पोळी ताटात पडली. रितेशला ते दिसलं नाही, त्याचे डोळे चमकत होते. "बर्फ पिघळून राहिलाय आता तिकडे. पुरानी बॉडी निघतात, बीस बीस, तीस तीस साल पुरानी. पेपरात येतं ना? मी पप्पांची पोस्ट कुठे होती ते सगळं काढून ठेवलंय. छुट्टीच्या दिवशी, पेट्रोलला गेल्यावर, जसा मोका मिळेल तसा शोधीन. घेऊनच येतो त्यांना."

त्या क्षणी मालूबाईला नवऱ्याचं नव्हे, पोराच्या जिवाचं भय वाटलं. तो पहारा करायला निघाला नव्हता, बापाला शोधायला निघाला होता. बापाने त्याला जन्मभर वाट पाहायला लावलं होतं, आता स्वतःकडे बोलावून घेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती इतवाऱ्याची रिक्षा करून गेली.

आखाजीच्या दिवशी दहा वाजताच ऊन अंगावर यायला लागलं. माजी फौजी नेहमीप्रमाणे आले. ही भागीरथीबाईंचीच पद्धत. पंचक्रोशीतले फौज सुटलेले लोक त्या आखाजीला जेवायला बोलवायच्या, पितर म्हणून नव्हे, "माझ्या दगाचे जोडीदार" म्हणून. एकेकाळी ओसरी भरायची. यंदा दोघेच आले: बुधवाऱ्यात कटलरीचं दुकान चालवणारा भूपेंद्र आणि नेपानगरहून सुपडू. सुपडू दगाच्याच तुकडीतला. फौज सुटल्यावर तो कागद कारखान्यात पहारेकरी झाला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नाहीत. कारखान्याच्या मशीनमध्ये गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घरधनी आत्माराम, दगाचा थोरला भाऊ, माजी सुभेदार, पांढऱ्या मिशीला पीळ देऊन ओसरीत बसला होता. बायकोने दुसऱ्या घागरीचं सांगितल्यापासून तो मालूबाईशी बोलला नव्हता. बोलायचं टाळण्यासाठी तो पाहुण्यांशी जास्तच बोलत होता.

"एकाहत्तरले आम्ही राजस्थानच्या रेतीत खंदक खणून राहत होतो," तो म्हणाला. "दिवसभर खणा, रातभर वारा भरून टाके. घरी आलो त्या उन्हाळ्यात मले खाटेवर झोपच लागे ना. केळीच्या बागेत पाटाच्या चरात जाऊन झोपे मी. माय शोधत येई. एक दिवस ती पण तिथंच बाजूले येऊन पडली. म्हणे, तुले इथं झोप येते तं मले पण इथंच येईन."

"माय होत्याच तशा," भूपेंद्र म्हणाला. त्याच्या घरीही फौज बापापासून. "आमचे बाबूजी वायरलेसवर होते, पैंसठच्या लढाईत. रिटायर झाल्यावर पण झोपेत त्यांची बोटं खाटेवर टकटक करायची. अम्मा हात धरून बसायची, बंद होईपर्यंत. शेवटच्या दिवशी दवाखान्यात बोलणं गेलं होतं, पण बोटं चालूच. अम्मा म्हणाली, कोणाला तरी सांगून राहिले आहेत, कोणी ऐकून घ्या रे." त्याने डोळे पुसले. "आम्हाला कोणालाच ती भाषा येत नव्हती ना. काय सांगत होते कुणास ठाऊक."

कूलरचा पंखा खडखडत राहिला. मालूबाई पाण्याचे पेले घेऊन आली आणि दाराशी टेकून उभी राहिली.

"उखर्डूबाबांचा किस्सा होऊ द्या सुभेदार साहब," भूपेंद्र म्हणाला. "त्याशिवाय आखाजी कशी होणार?"

तो किस्सा घरातल्या भांड्यांनासुद्धा पाठ होता. आत्मारामने मिशीवरून हात फिरवला.

"बाबा ब्रह्मदेशच्या लढाईले गेले, इंग्रजाच्या फौजेत. माय तेव्हा सोळा वर्षांची. पत्र बंद झालं. मंग सरकारकडून आलं, सापडत नाही म्हणून. आजीनं वर्षभर वाट पाहिली अन् लेकाची घागर भरली. मायचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. त्याच्या पुढच्या आखाजीले ऐन दुपारी एक हाडकुळा माणूस बुऱ्हानपूर टेसनावरून पायी पायी जसोंडीत आला. तहानेनं जीव चाललेला. घरात कोणी दिसे ना. समोर गार पाण्याची घागर मांडलेली. खरबूज खाली ठेवलं, सांजोरी खाल्ली, अन् घागर उचलून..."

तो थांबला. इथे दरवर्षी आतून भागीरथीबाईंचा आवाज यायचा, "सांजोरी पहिले नाही खाल्ली, पाणी पहिले पेला!" सगळे हसायचे. आज आतून काही आलं नाही. सुपडूने मान खाली घातली.

"पाणी पहिले पेला," मालूबाई दारातून हळूच म्हणाली.

"हो," आत्माराम म्हणाला. "पाणी पहिले पेला. स्वतःच्याच घागरीचं."

कोणी हसलं नाही. प्रतिभा आतून म्हणाली, बारा वाजतील, घागर मांडून घ्या.

देवघराच्या बाजूला गव्हाच्या राशीवर भागीरथीबाईंची घागर मांडली. आत्मारामने खरबूज ठेवलं, आंबा ठेवला, प्रतिभाने सांजोरी ठेवली. आणि तेवढ्यात मालूबाई माजघरातून दुसरी घागर घेऊन आली. भरलेली होती, तिच्या पदराला पाणी झिरपत होतं. तिने ती पहिलीच्या शेजारी ठेवली.

"मालूबाई," आत्माराम खालच्या आवाजात म्हणाला, "हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"दगा उखर्डूची घागर आहे दादा."

नवऱ्याचं नाव तिने चारचौघांत कधीच घेतलं नव्हतं. प्रतिभाच्या तोंडून "व माय" निघालं.

रितेश भिंतीला टेकून उभा होता, तो पुढे आला. "मम्मी, दिमाग फिरला का तुझा? आजीला जाऊन किती दिवस झाले? ती होती तोपर्यंत हिंमत नव्हती ना तुझी!"

"नव्हती," मालूबाई म्हणाली. "म्हणून आज भरली."

"आजीनं जाताना मोठ्या बाबांकडून जबान घेतली आहे. दगाची घागर भरायची नाही. हो की नाही मोठे बाबा?"

आत्मारामने मान डोलावली. "देला आहे मी शब्द. मरत्या मायले देलेला शब्द आहे, मालूबाई. मी कसा मोडू?"

"तुम्ही देला दादा. मी नाही देला. मले कोणी विचारलंच नाही. तेव्हाही नाही अन् आताही नाही."

"ताई," ती प्रतिभाकडे वळली, "तुम्ही तरी बोला."

प्रतिभा नवऱ्याकडे पाहत राहिली, मग घागरीकडे. "आईंचा शब्द मोडणं बरं नाही मालू. अन् तुझ्या हातात बांगड्या... लोक काय..."

"बांगड्यांचं माझं मी पाहीन."

रितेशचा आवाज चढला. "आत्ता मोठ्या बाबांनी काय सांगितलं? उखर्डूबाबांची घागर भरली होती, आणि ते आले ना परत? जिंदा आले! मग पप्पांची कशी भरतेस? मी वर चाललो आहे मम्मी. एक साल दे मला. शोधून आणतो, मग जे करायचं ते कर. बॉडी आल्यावर कर!"

"अन् तू नाही आला तर?"

बाहेर सरुबाईच्या ओट्यावर कोणीतरी कावळ्यांना हाकलत होतं.

"तू तिथं ड्यूटीले जाय, मी अडवत नाही," मालूबाई म्हणाली. "या घराले फौज नवी नाही. पण बापाले धुंडाले जाऊ नको. तुझं ध्यान बंदुकीवर राहणार नाही, पायाखाली राहणार नाही. प्रत्येक ढिगाकडे पाहशीन तू. मले माहीत आहे, मी तेच करत आली. बसस्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येक फौजीच्या तोंडाकडे पाहत आली. सासूबाईंचा माणूस परत आला. त्यांनी त्यांचं नशीब मले घालून पाहिलं बाबा. माझ्या मापाचं नव्हतं ते. आता तुले नको घालू."

रितेशने तोंड फिरवलं. त्याचा जबडा आवळला होता. बापासारखाच आवळतो, हे सांगायला आता सासूही नव्हती. "मी बोट ओढणार नाही," तो म्हणाला. "घरच्या मुलानंच ओढायचं असतं ना? मी नाही ओढणार. बस."

तेव्हा सुपडू उठला. सावकाश उठला, गुडघ्यावर हात ठेवून. घरच्यांच्या भांडणात पडावं की नाही हा संकोच त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"रितेश, तुझा बाप पहाऱ्यावर होता. आम्ही तंबूत झोपलेलो. त्यानं बर्फ वरून येताना पाहिला. 'उठा रे, बाहेर निघा!' दोनदा ओरडला. म्हणून आम्ही निघालो. तो उभा होता तिथंच सगळं आलं."

"माहीत आहे काका. दरवर्षी ऐकतो."

"पुढचं नाही ऐकलं तू." सुपडूने उजवा हात वर केला. "ही बोटं मशीनमध्ये नाही गेली."

मालूबाईने त्या हाताकडे पाहिलं. किती वर्षं त्या हातावर तिने पाणी घातलं होतं, आणि दरवेळी म्हटलं होतं, भाऊ, मशीनवर ध्यान ठेवत जा.

"आम्ही खोदलं. फावड्यानं, मंग ताटल्यांनी, मंग हातानं. रोज. एक दिवस माझ्या हाताले काहीतरी नरम लागलं. मले वाटलं दगा. हातमोजा काढला मी. तिथं हातमोजा काढायचा नसतो, तुले माहीत आहे. उघड्या हातानं खोदत गेलो. खाली कांबळं निघालं. नुसतं कांबळं." त्याने बोटं मिटली. "बोटं तिथंच काळी पडली. साहेबांनी मंग खोदणं बंद करवलं. म्हणे, एक गेला आहे, दुसरा देणार नाही मी. ते पण रडून राहिले होते."

"काका, तुम्ही..." रितेश म्हणाला. "आजीला तुम्ही मशीन म्हणाले."

"मी पहिल्यांदा इथं जेवाले आलो, माय म्हणाली, हाताले काय झालं रे? खरं सांगतो, तर तिले समजलं असतं की इतकं खोदून पण तो लागला नाही. माझ्या तोंडून नाही निघालं. मशीन म्हणालो. मंग दरवर्षी तेच म्हणत गेलो." तो मालूबाईकडे वळला. "वहिनी, एक अजून सांगायचं राहिलं. आम्ही तिथं त्याच्या नावानं घास काढला. लंगरची पहिली रोटी दगाची. बाहेर दगडावर ठेवायची, मंग आम्ही खायचं. आमची तुकडी उतरली तेव्हा नवीन पोरांले सांगून उतरलो. त्याले आम्ही तेव्हाच पोचवला वहिनी. तो उपाशी नाही बसला कुठं."

तिकडे बर्फात परक्या पोरांनी त्याच्यासाठी घास काढला, आणि इथे घरात त्याच्यासाठी कांदासुद्धा चिरता आला नाही. मालूबाईला राग आला, की बरं वाटलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही एकदमच आलं.

सुपडू रितेशच्या अगदी जवळ गेला. "अन् आईक. बर्फावर वाटेच्या दोरीच्या बाहेर पाय टाकायचा नसतो. हे मले तुझ्या बापानं शिकवलं, माझ्या कानाखाली ओढून शिकवलं. तू त्याले धुंडाले निघाला ना, तर दोरीच्या बाहेर जाशीन. तुझ्या मागं दुसरी पोरं येतीन, हातमोजे काढून. त्याईच्या आया पण असतीन कुठंतरी."

रितेश दुसऱ्या घागरीकडे पाहत होता. तिच्यातून झिरपलेलं पाणी गव्हाच्या राशीकडे चाललं होतं, आणि प्रतिभाने वाकून ते पदराने टिपलं. मग तिनेच खरबूज उचललं आणि घागरीवर ठेवलं. तिच्या मागून आंबा ठेवला. सांजोरी ठेवली.

"प्रतिभा," आत्माराम म्हणाला.

"शब्द तुम्ही देला आहे," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही नका हात लावू. आम्ही लावतो."

सत्तरी ओलांडलेला सुभेदार, मायला दिलेल्या शब्दात आणि भावाच्या घागरीत सापडलेला. अखेर तो उठून उभा राहिला, टाचा जुळवून. हात लावला नाही, पण अडवलंही नाही.

मालूबाईने आपली कुंकवाची कोयरी रितेशसमोर धरली. "माझ्यातलं घे."

"मम्मी, मी..." तो लहान पोरासारखा म्हणाला, "मला त्यांचा चेहरा पण आठवत नाही गं. शोधून तरी पाहिला असता."

"मले आठवतो. मी सांगीन तुले. जितका म्हणशीन तितका सांगीन."

रितेश उंबऱ्याशी बसला. आधी त्याने आजीचं नाव घेतलं, भागीरथी उखर्डू, आणि बोट ओढलं. मग त्याचं बोट थांबलं. भूपेंद्रही उठून उभा राहिला होता, सुपडूही. रितेशने बोट पुन्हा कुंकवात बुडवलं.

"दगा उखर्डू," तो म्हणाला, आणि ओढलं. बोट वाकडं आलं. ते त्याने तसंच राहू दिलं.

पाट मांडला. दगाचा पितर म्हणून कोणी बसायचं हे विचारावं लागलंच नाही, सुपडू हातपाय धुऊन आला आणि बसला. खापरावरची पुरणपोळी, आमरस, पुरणाच्या कटाची रशी, भजी. मालूबाईने स्वतः वाढलं. ती माहेरी होती त्या आखाजीला दगा घाईघाईने कोरडी पोळी बांधून निघाला होता, असं सासूने सांगितलं होतं. आज तिने आमरसाची वाटी रिकामी होऊ दिली नाही. सुपडूची तब्येत आता गोड खाण्याची राहिली नव्हती, तरी त्याने एकदाही नको म्हटलं नाही.

"पोट भरलं?" तिने विचारलं. असं विचारायचं असतं.

"भरलं," तो म्हणाला. तसंच सांगायचं असतं.

हात धुऊन सुपडू निघाला. उंबऱ्यावरची बोटं पुसू नयेत म्हणून त्याने पाय उंच उचलून बाहेर टाकला, ओट्यावर उभा राहून टोपी घातली, आणि जन्मभराच्या सवयीने मागे वळून म्हणाला, "येतो वहिनी."

यावर "या" म्हणतात. दुसरं काही कोणी म्हणत नाही. मालूबाई दाराची चौकट धरून उभी होती. समोर ऊन होतं, उन्हात टोपी घातलेला फौजी होता, आणि हा निरोप तिला कधीच देता आला नव्हता.

"जा आता," ती म्हणाली. "निवांत जा. मागं पाहू नका."

सुपडूने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. त्याला समजलं. त्याने पाठ फिरवली आणि गल्लीतून चालत गेला, वळणापर्यंत, सरळ, मागे न पाहता.

तो वळणावर दिसेनासा झाला, आणि मालूबाईच्या तोंडून आवाज फुटला. हुंदका नव्हे, ओरडणंच ते. ती उंबऱ्याशी कोसळली आणि छाती पिटून रडू लागली, नाव घेऊन रडू लागली. प्रतिभाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, पण गप्प हो म्हणाली नाही. आत्माराम आतल्या घागरीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

असं रडणं गल्लीने ओळखलं. दारं उघडली. सरुबाई कुरडयांचे हात तसेच घेऊन अनवाणी धावत आली, तिच्या मागे आणखी दोघीतिघी.

"काय झालं? कोण गेलं व माय? कोण गेलं?"

रितेश उंबऱ्याच्या आत बसला होता. त्याच्या बोटाचं कुंकू अजून ओलं होतं. त्याने वर पाहिलं.

"माझे पप्पा गेले, काकू," तो म्हणाला.